बोट ट्रिगरच्या बाहेर!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पिस्तूल शिकायच्या क्लासला तुम्ही डोक्यात जे घेऊन जाल, ते तिथे अजिबात नसतं. काळं जॅकेट नाही, कमरेला होल्स्टर नाही, गर्रकन वळून धाडधाड नाही. असतो एक लांबट हॉल, भरपूर ट्यूबलाइट्स, भिंतीला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, १० मीटरवर लावलेलं एक चौकोनी कार्ड आणि पहिला पाऊण तास पिस्तुलाला हातही लावू न देणारे सर.

मी तिथे कशी पोहोचले, तर एका रात्रीमुळे. साडेअकराची वेळ, प्रभादेवी स्टेशनला उतरले. आजी अजूनही त्याला एलफिन्स्टनच म्हणते, असो. जिन्यापासूनच एक माणूस मागे होता. मी थांबले की तो थांबायचा. मी फोन कानाला लावून ‘हो बाबा, आलेच, खाली या’ असं खोटंखोटं बोलत चालले. तुमच्यापैकी कित्येकींनी हे केलंय, मला माहितीये. सिद्धिविनायकाच्या आसपास कायम पोलीस असतात. तिथला उजेड दिसला तसा तो दुसऱ्या गल्लीत वळला. झालं काहीच नाही, पण घरी येऊन मी दार तीनदा तपासलं. मग रात्री दीड वाजता गुगलवर टाईप केलं, ‘मुंबईत पिस्तूल चालवायला कुठे शिकवतात?’

समोर आले ते सगळे अमेरिकेतले व्हिडिओ. तिकडे शनिवार-रविवारी नवशिक्यांसाठी ‘डिफेन्सिव्ह हँडगन’चे क्लास चालतात. पिस्तूल कसं काढायचं, हल्लेखोर समोर आला तर काय करायचं, सगळं एका दिवसात. आपल्याकडे असं ‘संध्याकाळी शिका, सकाळी पर्समध्ये घेऊन फिरा’ प्रकरण नाही. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. लायसन्ससाठी वय किमान २१ लागतं. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे करायचा, शस्त्राची गरज का आहे ते पटवून द्यायचं, मग पोलीस चौकशी. ‘मला रात्री भीती वाटते’ एवढ्या कारणावर लायसन्स हातात पडेल, या भ्रमात राहू नका. २०१६ च्या नियमांनी तर अर्जदाराला शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं ट्रेनिंगही घ्यायला लावलंय. शस्त्र ठेवायचं कसं, न्यायचं कसं, कायदा काय सांगतो, हे सगळं त्यात येतं.

मग आपल्यासारख्यांनी शिकायचंच नाही का? तर शिकायचं. त्याचा रस्ता खेळातून जातो आणि आपल्या पट्ट्यात तो अगदी पायाखाली आहे. इकडे वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, तिकडे शिवाजी पार्कला सावरकर स्मारकात रायफल शूटिंग शिकवतात. आणि मध्ये आपलं कीर्ती कॉलेज. हो, वडापाववालं. अंजली भागवत याच कॉलेजच्या. तेव्हा त्या अंजली वेदपाठक होत्या. कॉलेजात एनसीसी घेतली, त्यातून रायफल असोसिएशनचा पत्ता लागला आणि १९८८ मध्ये, रायफल हातात घेऊन जेमतेम आठवडा झालेला असताना, त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रासाठी रौप्यपदक मिळवलं. २००० साली सिडनीत त्या ऑलिम्पिकच्या फायनलपर्यंत गेल्या. त्यांना घडवणारे कोच संजय चक्रवर्ती. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे यासुद्धा त्यांच्याच हाताखालच्या. चक्रवर्ती सर २०२१ मध्ये गेले. तर एनसीसीच्या परेडला दांडी मारणाऱ्यांनो, जरा विचार करा. (मीही मारायचे.)

आता क्लास.

पहिल्या दिवशी आम्ही सहा जण होतो. सर आले आणि थेट विचारलं, ‘कोण कशासाठी आलंय?’ एकाला सरकारी नोकरीत स्पोर्ट्स कोटा हवा होता. दोघी जणी पॅरिसमध्ये मनू भाकरला बघून आल्या होत्या. एका काकांना डॉक्टरांनी म्हणे एकाग्रतेसाठी काहीतरी करा म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, ‘सेल्फ डिफेन्स.’ सर हसले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘बरं. बस. चार-पाच दिवसांनी तुला परत विचारतो.’

पाऊण तास नुसते नियम. पिस्तूल कायम भरलेलंच आहे असं धरून चालायचं, रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असलं तरी. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ, बाजूला टेकवून. आणि आपण कशावर झाडतोय तेवढंच नाही, त्याच्या मागे काय आहे तेही माहीत हवं. वापरात नसताना नळीतून एक भडक केशरी दोरा आरपार घालून ठेवतात, म्हणजे लांबूनही कळतं की आत काही नाही. तुम्हाला हे सगळं बोअर वाटेल. मलाही वाटलं. तेवढ्यात आमच्यातला एक जण पिस्तूल हातात असताना ‘सर, हे कसं...’ म्हणत मागे वळला आणि पिस्तूलही त्याच्याबरोबर वळलं. एका क्षणासाठी त्या नळीचं काळं भोक आमच्या सगळ्यांवरून फिरून गेलं. आत छर्रा नव्हता, तरी पोटात गोळा आला. सर ओरडले नाहीत. त्याचं मनगट धरून नळी टार्गेटकडे नेली, पिस्तूल टेबलावर ठेवायला लावलं आणि म्हणाले, ‘आजचा तुझा क्लास झाला.’ तो खरंच घरी गेला. पुढच्या वेळी आला तेव्हा आमच्यात सगळ्यात शिस्तीचा तोच होता.

अभिनेता गोविंदाची बातमी तुम्ही वाचली असेलच. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे घरी कपाटात ठेवताना लायसन्सवालं रिव्हॉल्व्हर पडलं आणि गोळी त्याच्याच पायात घुसली. तेव्हा यावर मीम्स फिरले होते, मीही एक-दोन फॉरवर्ड केले होते. नळीचं भोक डोळ्यांसमोरून गेल्यावर त्यातलं हसू जातं.

आमच्या हातात होतं ते एअर पिस्तूल. यात दारू नसते, दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. स्पर्धेत वापरतात तशा ०.१७७ च्या कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही. पण लायसन्स नाही म्हणजे खेळणं आहे असं नव्हे, डोळा जाऊ शकतो. त्यामुळे गॉगल आधी, बाकी नंतर. स्पर्धेच्या पिस्तुलाचं वजन दीड किलोपेक्षा जास्त चालत नाही, बहुतेक किलोभराच्या आसपास असतात. किलोभर म्हणजे काय, ते आत्ताच करून बघा. एक लिटरची भरलेली बाटली उचला, हात खांद्याच्या रेषेत सरळ बाजूला, कोपर न वाकवता ३० सेकंद. हा खेळ एका हाताने खेळायचा असतो. दुसरा हात खिशात.

नेम धरणं म्हणजे टार्गेटकडे बघणं असं वाटतं ना? चूक. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक छोटी पट्टी असते, मागे एक खाच. ती पट्टी खाचेत बरोब्बर मध्ये आणायची, वरच्या कडा एका रेषेत, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट बघू शकतो, म्हणून बघायचं फक्त त्या पट्टीकडे. टार्गेटचा काळा गोल धूसर दिसला पाहिजे. ज्याच्यावर झाडायचंय त्याच्याकडे बघायचंच नाही, हे मेंदूला पटवायला मला दोन दिवस लागले. त्यात माझी वेगळीच गंमत निघाली. दोन्ही हातांचा त्रिकोण करून लांबची वस्तू त्यात पकडायची आणि एकेक डोळा मिटून बघायचं, म्हणजे आपला जोरकस डोळा कळतो. मी उजव्या हाताची आणि डोळा निघाला डावा. २२ वर्षं मला हे माहीतच नव्हतं!

मग ट्रिगर. तो खचकन दाबायचा नसतो, हळूहळू सरळ मागे ओढत न्यायचा, इतका हळू की सुटला कधी ते आपल्यालाही कळू नये. माझे पहिले दहाच्या दहा छर्रे खाली डावीकडे. सर कार्डाकडे न बघताच म्हणाले, ‘झटका देतेस.’ उजव्या हाताने झटका दिला की तिथेच जातं म्हणे. कार्ड १७ सेंटिमीटरचं, मधला काळा गोल जेमतेम ६ सेंटिमीटरचा आणि दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. श्वास जरा मोठा घेतला तरी पट्टी वर जाते. थोड्या दिवसांनी स्वतःच्या नाडीचे ठोकेही तिथे दिसायला लागतात. खोटं वाटेल, पण दिसतात.

चौथ्या दिवशी माझ्या पाचपैकी तीन खुणा काळ्यात होत्या. मी कार्डाचा फोटो काढून स्टेटसला टाकायच्या बेतात असतानाच सर म्हणाले, ‘तू सेल्फ डिफेन्सवाली ना? पिस्तूल ठेव. जिना दोन मजले, तीन वेळा, पळत. आणि आलीस की लगेच पाच.’

मी आले. धाप लागलेली, घाम डोळ्यांत, हात लटपटत होता. बाकी सगळ्यांना मागे उभं केलेलं आणि सर माझ्या खांद्याशी. पट्टी खाचेत येईना. आली की निसटायची, आणि निसटली की मी घाईघाईत ओढायची. पाच संपले. कार्ड आणलं. एक खूण काळ्यात, दोन पांढऱ्यात.

‘उरलेले दोन?’

‘भिंतीत गेले असतील.’

‘इथे मागे भिंत आहे. प्रभादेवी स्टेशनच्या जिन्यावर कुठाय?’

त्या जिन्यावरची संध्याकाळची गर्दी तुम्हालाही माहितीये. माझ्या त्या रात्री रस्ता जवळजवळ रिकामा होता, पण जवळजवळच. त्या माणसाच्या मागे एक पानवाला होता. पलीकडे बिल्डिंग होती, पहिल्या मजल्यावर दिवा होता.

मग सरांनी दुसरा प्रश्न विचारला, जो मला जास्त लागला. ‘त्याने तुला हात लावला होता?’ नव्हता. नुसता चालत होता. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, कलम ३४ ते ४४. स्वतःचा जीव वाचवता येतो, दुसऱ्याचाही. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क उरत नाही. माझ्याकडे वेळ होता, फोनही हातात होता आणि मी त्यावर खोटं बोलत होते! ११२ लावता आला असता. मुंबईत महिलांसाठी १०३ आहे. नाही सांगूनही कुणी पुन्हा पुन्हा मागे येत असेल तर तो गुन्हाच आहे, कलम ७८. तेव्हा मी पिस्तूल काढलं असतं, तर पोलिसांनी गाडीत मला बसवलं असतं.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे शेवटी सगळं मुलीनेच सांभाळायचं? मलाही राग आला होता. अजूनही येतो. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या आयुध निर्माणीने खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, दिल्लीच्या निर्भयाच्या आठवणीत. ०.३२ बोअर, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. सव्वा लाख! माझ्या इंटर्नशिपच्या मानधनात हिशेब करून बघितला आणि सोडून दिला. ज्या मुलीला साडेअकराच्या लोकलने यावं लागतं, तिला ते परवडणारच नाही. जिला परवडतं ती बहुधा लोकलने येत नाही. गल्लीतला बंद पडलेला दिवा लावायला किती लागतात, ते कुणीतरी काढायला हवं. मी वॉर्ड ऑफिसात तक्रार टाकली आहे, नंबर जपून ठेवलाय.

तरी मी क्लास सोडला नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. तिथे गेल्यावर तास दीड तास डोक्यात एकच पट्टी असते, बाकी काही नाही. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० छर्रे झाडायचे असतात. म्हणजे एकाला सवा मिनिट, आणि त्यातला बहुतेक वेळ न झाडण्यात जातो. हात वर न्यायचा, जमत नाहीये असं वाटलं की खाली आणायचा. हात खाली आणणाऱ्याला सर शाबासकी देतात, झाडणाऱ्याला नाही. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकला तो ५० मीटर रायफलमध्ये, ती गोष्ट वेगळी. पण तो रेल्वेत टीसी होता हे वाचल्यापासून मी स्टेशनवर टीसींकडे वेगळ्या नजरेने बघते. तिकीट असतं तेव्हा.

तुम्हाला जायचं असेल तर आधी कॉलेजात एनसीसी किंवा जिमखान्यात विचारा. कुठल्याही रेंजवर गेलात तर पहिल्या दिवशी नुसतं बघत बसायची तयारी ठेवा. आधार कार्ड आणि सपाट तळाचे बूट न्या. पिस्तुलाबरोबर सेल्फी काढायचा विचार गेटवरच सोडा. सरांना कळलं तर तुमचाही क्लास ‘झाला’. आणि पोलीसही हल्ली शस्त्रांच्या रील्सवर गुन्हे नोंदवतात. लग्नात, वरातीत हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

परवा क्लास सुटल्यावर आम्ही सगळे कीर्तीजवळ वडापाव खायला निघालो, काकाही. दारात सर आडवे आले. म्हणाले, ‘हात?’ छर्रे शिशाचे असतात आणि शिसं पोटात जाणं वाईट. साबणाने, कोपरापर्यंत. आम्ही सहाच्या सहा जण लहान मुलांसारखे बेसिनसमोर रांगेत उभे राहिलो. सगळ्यात पुढे तोच, पहिल्या दिवशी घरी पाठवलेला. साबण दुसऱ्याला देतानाही त्याची तर्जनी सरळ होती.