शब्द एक, आजार दोन

नांदेड-लातूरकडे 'शुगर' हा एकच शब्द दोन वेगळ्या आजारांना चालतो. आजोबा गोळी घेतात ती शुगर, आणि नातू दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई टोचून घेतो तीही शुगर. आजोबांचा मधुमेह टाइप टू, नातवाचा टाइप वन. व्यायामाबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका शब्दातून निघतात, कारण आजोबांना मिळालेला सल्ला घरात नातवालाही लावला जातो: "चाल, शुगर उतरेल." शाळेत नेमकं उलटं. खो-खोच्या संघातून त्याचं नाव काढलं जातं, चक्कर येईल म्हणून. दोन्ही बाजूंचा हेतू चांगलाच असतो, पण टाइप वनमध्ये शरीर कसं चालतं याचा विचार दोन्हीकडे नसतो.

निरोगी माणूस धावू लागला की त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन आपोआप कमी करतं, यकृत साठवलेली साखर सोडतं आणि रक्तातली पातळी जागेवर राहते. टाइप वनमध्ये स्वादुपिंडाचं इन्सुलिन जवळजवळ संपलेलं असतं. जे असतं ते सुईतून गेलेलं, आणि सुईतून गेलेलं परत काढता येत नाही. त्यातच काम करणारे स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढू लागतात. मांडीत सुई घेऊन लगेच पळायला सुरुवात केली, तर ते इन्सुलिन आणखी लवकर रक्तात उतरतं. आर. डी. लॉरेन्स या ब्रिटिश डॉक्टरांनी व्यायामाचा इन्सुलिनवर होणारा परिणाम १९२६ मध्येच मांडला होता. ते स्वतः इन्सुलिनवर जगत होते. म्हणजे ही गोष्ट शंभर वर्षांपासून माहीत आहे, गावात पोचली नाही एवढंच.

"व्यायामाने शुगर उतरतेच" हे मात्र अर्धंच खरं. पोलीस भरतीच्या तयारीतलं १६०० मीटर धावणं शुगर खाली आणतं, पण त्याच मैदानावरचं १०० मीटर ती वर नेऊ शकतं. कुस्तीची झोंबाझोंबी, कबड्डीतली चढाई, जड वजन उचलणं, अशा झटक्याच्या कष्टात ॲड्रेनालिन उसळतं आणि यकृत साखर ओततं. पैलवान हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्या लातूर जिल्ह्यात तालमीत जाणाऱ्या पोराला हे कुणीतरी सांगायला हवं. नाहीतर तो वर गेलेला आकडा पाहून जादा इन्सुलिन घेतो आणि दोन-तीन तासांनी घसरतो.

सर्वांत घातक समज वेगळाच आहे: "शुगर ३०० आहे? मैदानाला चार फेऱ्या मार." इन्सुलिन कमी पडल्यामुळे आकडा चढला असेल, तर पळण्याने तो आणखी चढतो आणि रक्तात कीटोन (इन्सुलिनअभावी तयार होणारे आम्लधर्मी घटक) साचतात. २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकमताने दिलेल्या मार्गदर्शनानुसार सुरुवातीचा आकडा १२६ ते १८० असेल तर खुशाल निघावं. ९० च्या खाली असेल तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज, आणि आकडा ९० च्या वर येईपर्यंत थांबायचं. २७० च्या वर असेल आणि कारण कळत नसेल तर आधी कीटोन तपासायचे; ते जास्त असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही.

आणि व्यायाम म्हणजे फक्त मैदान नव्हे. सोयाबीनची काढणी नवरात्राच्या आसपास येते. दिवसभर वाकून विळा चालवायचा, वर उपवास, आणि इन्सुलिन रोजचंच. माहूरगडाच्या पायऱ्या किंवा तुळजापूरची पायी वाट यांचाही हिशोब हाच. अशा दिवशी जेवणाआधीचा डोस किती कमी करायचा हे आपल्या डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावं; सुई पूर्ण बंद करणं हा त्यावर उपाय नाही. संध्याकाळी खेळलेल्याची शुगर मध्यरात्रीनंतरही पडते, म्हणून झोपण्याआधी एक तपासणी हवीच.

यावर कुणी म्हणेल, शुगर तपासायच्या पट्ट्या महाग आहेत, एवढ्या तपासण्या परवडणार कशा? आक्षेप रास्त आहे. पण एका प्रकारच्या कष्टात आपलं शरीर कसं वागतं हे दोन-तीन आठवडे वहीत नोंदवलं, की रोज तितक्या पट्ट्या लागत नाहीत. मग सरळ खेळणंच सोडलं तर? ते महागात पडतं: इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं आणि हृदयाचा धोका वाढतो. आणि खेळ सोडायची गरजही नाही: क्रिकेटपटू वसीम अक्रमला १९९७ मध्ये टाइप वन झाला. २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. तसं करणारा तो पहिला गोलंदाज.

शेवटी खिशात ठेवायच्या साखरेच्या पुडीबद्दल. शुगर पडल्यावर पेढा किंवा शेंगदाण्याची चिक्की देतात, पण त्यातली चरबी साखरेला रक्तात उशिरा पोचू देते. ग्लुकोज पावडर किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आकडा ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. ही पुडी कुठे आहे हे क्रीडाशिक्षकाला आणि सोबतच्या दोन मित्रांना ठाऊक असू द्या. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.