शिष्यवृत्तीचे गुण म्हणजे मुलाची बुद्धी का?



शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "पोरगं लई हुशार आहे, गुणवत्ता यादीत नाव आलं." आणि दुसरं, "आमच्याला तेवढं डोकं नाही हो, सर." दोन्ही वाक्यांत आपण एक गोष्ट धरूनच चालतो, की पेपरातले गुण म्हणजे डोक्याचं माप. त्यातून या परीक्षेतल्या एका विभागाचं नावच 'बुद्धिमत्ता चाचणी' आहे. मग पालकांचा असा समज झाला तर नवल नाही. पण ही चाचणी खरंच बुद्धी मोजते का, हे आज जरा शांतपणे पाहू या.

चाचणी सुरू कशासाठी झाली?

प्रमाणित चाचणी म्हणजे सगळ्यांना सारखे प्रश्न, सारखा वेळ, सारख्या सूचना आणि तपासण्याची एकच पद्धत. बुद्धीची अशी पहिली उपयोगी चाचणी १९०५ साली फ्रान्समध्ये अल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी तयार केली. तिथे शिक्षण सक्तीचं झालं होतं आणि वर्गात मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत कशी द्यायची, हा प्रश्न सरकारपुढे होता. म्हणजे चाचणीचा हेतू मदत हा होता, शिक्का मारणं हा नव्हता. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते आणि ती वाढत नाही, हे मत बिने यांना अजिबात मान्य नव्हतं.

पुढे १९१२ मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी बुद्ध्यांकाची कल्पना मांडली. मानसिक वय भागिले खरं वय. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्याला १०० ने गुणून आकडा सोपा केला. आठ वर्षांचं मूल दहा वर्षांच्या मुलांचे प्रश्न सोडवू लागलं तर बुद्ध्यांक १२५. (आता मुलाची तुलना त्याच्याच वयोगटाच्या सरासरीशी करतात आणि ती सरासरी १०० धरतात.) गंमत अशी की एकदा आकडा हातात आला, की तो कशासाठी काढला होता हे लोक विसरतात.

हीच चाचणी १९३०च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बदलून घेतली. बदलावी का लागली, याचा विचार करा. फूटपट्टी पॅरिसची असो की पुण्याची, सेंटीमीटर तोच. चाचणी मात्र भाषा आणि मुलांचं जग बदललं की नव्याने बांधावी लागते. मोजण्याची ही दोन साधनं एका जातीची नाहीत, हे इथेच कळतं.

'गटात न बसणारं पद ओळखा'

हा आपल्या मुलांच्या रोजच्या सरावातला प्रश्न. १९३१-३२ मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उझबेकिस्तानात शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना असाच प्रश्न विचारला. चित्रं चार होती: हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. आपलं 'बरोबर' उत्तर ओंडका, कारण बाकीची तीन अवजारं.

एका शेतकऱ्याने मात्र काहीच वेगळं काढायला नकार दिला. करवतीने लाकूड कापायचं, कुऱ्हाडीने फोडायचं, मग लाकूड काढून टाकून चालेल कसं? दुसऱ्या एकाने तीन अवजारं निवडली आहेत असं सांगितल्यावर त्याने उत्तर दिलं, की त्याच्याकडे बहुतेक सरपण भरपूर असेल!

आता हा माणूस बुद्धू म्हणायचा का? त्याचा विचार पक्का होता, फक्त त्याच्या कामातून आलेला होता. ज्यांची एक-दोन वर्षं शाळा झाली होती, ते सहज 'अवजारं' असा गट करत होते. म्हणजे या प्रश्नाने शाळेची सवय मोजली.

याच्या उलट बाजूचं उदाहरण ब्राझीलमधल्या रेसिफे शहराचं आहे. तिथे रस्त्यावर फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के त्यांनी बरोबर सोडवले. त्याच मुलांना तशीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांच्या आसपास आली. डोकं तेच, मुलं तीच. आठवडी बाजारात आईशेजारी बसून भाजी विकणारं, पैसे मोजून परत देणारं मूल आपल्याही वर्गात असतं. वहीतल्या वजाबाकीला ते अडलं की आपण काय म्हणतो, आठवून पाहा.

सरावाने गुण वाढतात, मग?

आपण सगळे जादा तास घेतो. का? सरावाने गुण वाढतात म्हणून. आरशातील प्रतिमा, सांकेतिक भाषा, संख्यामालिका यांच्या युक्त्या शिकवता येतात. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्या वेगाची सवयही लावता येते. जे शिकवून वाढतं, त्याला जन्मजात बुद्धीचं माप कसं म्हणायचं?

मोठ्या प्रमाणावरही हेच दिसलं. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांचे बुद्ध्यांकाचे गुण सरासरी सुमारे १४ ने वाढले. एवढ्या थोड्या वर्षांत माणसाचा मेंदू बदलत नाही. त्याचं शिक्षण, आहार, आजूबाजूचं जग बदलतं.

मग चाचण्या बंद करायच्या का?

मुळीच नाही. शब्दांशी, आकड्यांशी, आकृत्यांशी मूल त्या दिवशी, त्या वेळेत कसं काम करतं, हे चांगली चाचणी बऱ्यापैकी सांगते. शाळेतल्या पुढच्या अभ्यासाचा थोडा अंदाजही देते. शिवाय उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मशीनला मूल सरपंचाचं की ऊसतोड कामगाराचं हे माहीत नसतं. नुसत्या शिफारशीवर निवड झाली असती तर किती गरीब मुलं मागे राहिली असती! पण नवा खेळ शोधून काढणं, भांडण मिटवणं, बंद पडलेली सायकल चालू करणं, चिकाटी धरणं, यांना त्या पेपरात जागाच नाही.

म्हणून आपण एवढं करू या:

१. निकाल आला की एकूण गुणांआधी मूल कुठल्या प्रकारच्या प्रश्नांत अडलं ते पाहा.
२. चुकलेल्या उत्तरामागचं कारण मुलाला विचारा. कधी त्यात ओंडक्यासारखा विचार सापडतो.
३. जादा तासाला 'निवडक हुशार' मुलंच बसवू नका. ज्याला इच्छा आहे त्याला बसू द्या. सराव मिळालाच नाही तर गुण वाढणार कसे?
४. पालकांनो, 'तुला डोकं नाही' हे वाक्य घरातून काढून टाका. 'हे अजून जमलं नाही' म्हणा.

ताप मोजून डॉक्टर औषध देतात, माणसाची लायकी ठरवत नाहीत. चाचणीचे गुणही तसेच वापरायचे. दहा वर्षांच्या पोराने एकदा स्वतःला 'ढ' मानलं, की ते हात वर करायचं थांबवतं. ते नुकसान कुठल्याच गुणपत्रिकेवर छापून येत नाही.