टपावरचा मुक्काम

भंडारदऱ्याला धरणाच्या पाण्याकाठी नोव्हेंबरातली पहाट. कपाळावर टपकन थेंब पडला आणि जाग आली. पाऊस आला की काय म्हणून चेन सरकवून बाहेर पाहिलं, तर आकाश चांदण्यांनी गच्च भरलेलं. तंबूला आतून हात लावला तर तळवा ओला झाला. गादीचं टोक उचललं, तर खालची बाजू चिंब. हे पाणी आमच्याच श्वासाचं होतं. दोन माणसांनी रात्रभर सोडलेली वाफ थंड कापडाला आणि गादीखालच्या थंड पत्र्याला लागून पाणी झाली होती. गाडीच्या टपावरचा हा तंबू भाड्याने आणलेला होता. देणाऱ्याने ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. बाहेरचं पाणी आत येत नव्हतं, आणि आतलं बाहेरही जात नव्हतं.

त्या रात्रीपर्यंत आमच्या खरेदीच्या यादीत आधी किंमत होती, मग आकार, मग दिवे आणि खिसे. परत आल्यावर ती यादी आम्ही उलटी लिहिली. बेताच्या पैशांत रूफटॉप टेंट घ्यायचा असेल तर निवड खालून वर करत जावी, असं माझं ठाम मत आहे. आधी गाडीचा टप, मग टेंट ज्यांवर बसतो ते आडवे क्रॉसबार, मग बिजागरी आणि शिडी, मग कापड. सोयींचा विचार अगदी शेवटी.

ही कल्पना तशी जुनी आहे. इटलीतल्या ऑटोहोम कंपनीचा ‘माज्जोलिना’ हा कडक कवचाचा टेंट १९५८ सालचा. पूर्व जर्मनीत तर इवल्याशा ट्राबांट गाडीच्या टपावर तंबू लावून लोक सुट्टीला जात. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत साप-विंचवांपासून दूर, उंचावर झोपायची सोय म्हणून तो रुळला. आपल्याकडे लडाख-स्पितीच्या वाटेवरून तो आला आणि आता कोकणात, सह्याद्रीतही दिसू लागला आहे.

आधी टप

दुकानात जाण्याआधी गाडीचं मॅन्युअल काढा आणि छताची भारक्षमता शोधा. तिथे लिहिलेला आकडा चालत्या गाडीचा असतो. खड्डे, ब्रेक आणि घाटातली वळणं धरून छताने किती वजन सोसावं, हे तो सांगतो. बऱ्याच गाड्यांत तो ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असतो. युरोपात विकल्या गेलेल्या तीन दारांच्या सुझुकी जिम्नीला ही मर्यादा अवघी ३० किलो होती. रेनॉ ट्रायबरच्या टपावरच्या रेल्सची क्षमता कंपनीने ५० किलो सांगितली आहे. आता हिशेब करा. दोघांचा साधा घडीचा टेंट ४५ ते ६० किलोंचा असतो. क्रॉसबारचं वजनही याच आकड्यात धरावं लागतं. म्हणजे ४८ किलोंचा टेंट आणि ६ किलोंचे बार झाले ५४ किलो. ५० किलोंच्या टपावर हा सौदा तिथेच संपतो, मग टेंट कितीही स्वस्त असो.

मग रात्री दोन माणसं वर झोपतात ती कशी? टेंट, माणसं आणि अंथरूण मिळून १९० किलोंच्या आसपास भार होतो. पण गाडी उभी असते, धक्के नसतात, आणि वजन खांबांमधून सरळ चाकांवर उतरतं. उभ्या गाडीचं छत चालत्या गाडीच्या कितीतरी पट भार पेलतं. काही कंपन्या हा वेगळा आकडाही देतात. तो मिळाला तर लिहून ठेवा.

टपावर दिसणारी प्रत्येक रेल भार घेणारी नसते. कित्येक गाड्यांवर ती निव्वळ शोभेची, चिकटवलेली असते. थारच्या कापडी छताचा तर प्रश्नच नाही. छताची, रेलची आणि क्रॉसबारची क्षमता वेगवेगळी असते, आणि तिघांतला सर्वांत लहान आकडा हाच तुमचा आकडा. छताला भोकं पाडून कॅरिअर ठोकायच्या भानगडीत पडू नका. गळती आणि गंज तर आलेच. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरफारांना मनाई आहे. रेलला पकडणारे, काढता येणारे बार घ्यावेत आणि आरटीओत एकदा विचारून खात्री करून घ्यावी.

शिडी म्हणजे पलंगाचा पाय

घडीचा टेंट उघडला की पुस्तकासारखा उलगडतो. त्याची अर्धी जमीन टपावर राहते आणि अर्धी गाडीबाहेर अधांतरी येते. या बाहेरच्या अर्ध्या भागाला आधार फक्त शिडीचा असतो. म्हणून शिडीची परीक्षा पलंगाच्या पायासारखी करावी. अॅल्युमिनियमची, १५० किलो पेलणारी, प्रत्येक पायरीला खटका पक्का बसणारी शिडी हवी. ती फार उभी किंवा फार तिरकी लागत असेल, तर तुमच्या गाडीच्या उंचीला तिची लांबी जुळत नाही असं समजावं.

दोन अर्ध्या भागांना जोडणारी बिजागरी नीट पाहा. दुकानात टेंट चार-पाच वेळा उघडबंद करायला लावा. करकर आवाज येतो का? जमीन मधोमध खचते का? नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत ना? कोकणच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड एका मोसमात तांबूस होतं. आणि बसवल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून सगळे नट पुन्हा पान्याने आवळा. ही पाच मिनिटं कधीही टाळू नयेत.

कापडाची परीक्षा

कापड मुख्यतः दोन प्रकारचं मिळतं. ऑक्सफर्ड पॉलिस्टर हलकं, स्वस्त आणि लवकर वाळणारं असतं, पण वाफ कोंडतं. पॉलिकॉटन, म्हणजे सुती मिश्रणाचं कॅनव्हास, जड आणि महाग; पण ते श्वास घेतं, उन्हात कमी तापतं, आणि भिजल्यावर त्याचे धागे फुगून छिद्रं मिटतात. आपल्याकडे कॅम्पिंगचा खरा मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दिवसा ऊन आणि रात्री दव, अशा हवेत मी पॉलिकॉटनलाच मत देईन.

लेबलवर ‘२००० मिमी’, ‘३००० मिमी’ असे आकडे असतात. त्या कापडावर तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. पण गळती बहुधा शिवणीतून होते, आणि शिवणीबद्दल लेबल काही बोलत नाही. म्हणून अंधारात आत टॉर्च लावून बाहेरून शिवणी पाहा; जिथे उजेडाचे टिपके दिसतील तिथून पाणी येणार. मग आत चारही कोपऱ्यांत वर्तमानपत्र पसरा आणि बागेच्या नळीने वीस मिनिटं पाणी मारा. कागद कुठे ओला झाला ते लगेच कळतं. विक्रेता या परीक्षेला तयार नसेल, तर ते उत्तरही पुरेसं आहे.

आत जमणाऱ्या ओलाव्यावर उपाय सोपे आहेत. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवायच्या आणि गादीखाली हवा खेळवणारी जाळीची चटई घालायची. थंडी कितीही असली तरी आत शेगडी किंवा गॅस पेटवायचा नाही. बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. आणि ओला टेंट तसाच गुंडाळून ठेवायचा नाही. घरी आल्यावर त्याच दिवशी उघडून वाळवावा, नाहीतर बुरशी धरते आणि तो वास जाता जात नाही.

कुठे वाचवावं

कडक कवचाचा टेंट अर्ध्या मिनिटात उभा राहतो, पण बहुधा जड आणि हमखास महाग असतो. रोज मुक्काम हलवणार नसाल तर तो सोडा. शिडीभोवतीची कापडी खोली, दिव्यांची पट्टी, बुटांचे खिसे हे सगळं नंतर घेता येतं. तिघा-चौघांचा टेंट ‘असू दे’ म्हणून घेऊ नका. वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. क्रॉसबार, बिजागरी, शिडी, चेन आणि कापड यांत मात्र काटकसर नको.

वापरलेला टेंट हा बेताच्या खिशाला उत्तम मार्ग आहे. हौसेने घेऊन दोनदाच वापरलेले टेंट विकायला निघतात. तो उघडून आधी वास घ्या, मग बिजागरी पाहा. आणि वर्षाला दोन-तीनच रात्री बाहेर काढणार असाल, तर भाड्याने घ्या किंवा जमिनीवरचा चांगला तंबू घ्या. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल, तर रात्री दोन वेळा शिडी उतरणं जमेल का, हेही आधी विचारा.

आम्ही शेवटी दोघांपुरता, पॉलिकॉटनचा, एकदा वापरलेला घडीचा टेंट घेतला. पहिला मुक्काम गुहागरला, ओळखीच्यांच्या वाडीत केला. सावली पाहून मी गाडी माडांखाली लावली आणि पट्टे सोडायला लागलो. घरातल्या आजी पडवीतून लगबगीने आल्या. “तिथे नको हो. झावळ कधी सुटेल सांगता येत नाही, नारळाचा तर नेमच नाही. खळ्यात लावा.”

मी मान वर केली. तयार नारळांचा घड बरोबर टेंटच्या मध्यावर होता. टपाचा आकडा, शिडी, शिवणी सगळं तपासून आलो होतो, पण वर पाहायचं राहिलं होतं. गाडी खळ्यात घेतली, नट एकदा आवळले, दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या. पहाटे हात लावला तेव्हा कापड कोरडं होतं.