विजेवर चालणारी व्हीलचेअर : बॅटरी सांभाळा, खुर्ची तुम्हाला सांभाळेल

दुकानात पडून राहिलेला माल व्यापाऱ्याला बुडवतो, हे कापड लाइनीतल्या माणसाला शिकवावे लागत नाही. परंतु घरात पडून राहिलेली बॅटरीही तशीच बुडते, हे आम्हाला नुकसान सोसल्यावर समजले.

आमच्या भाईजानांचे पाय अधू झाल्यावर आम्ही विजेवर चालणारी व्हीलचेअर घेतली. तिच्या जोरावर ते पुन्हा रोज दुकानात येऊन हिशेब पाहू लागले. पुढे आजारपणात ते दोन महिने घरीच होते. खुर्ची कोपऱ्यात उभी राहिली आणि ती चार्जरला लावण्याची कोणाला आठवण झाली नाही. बरे होऊन निघाले, तर बाजाराच्या तोंडाशीच खुर्ची बंद पडली. मागे टेम्पो, पुढे हातगाड्या. ढकलावी तर चाके जाम. शेवटी भाईजानांना उतरवून चौघांनी खुर्ची उचलून कडेला घेतली. वर्षही न झालेल्या दोन्ही बॅटऱ्या बाद झाल्या होत्या. यात खुर्चीचा दोष नव्हता, गफलत आमची होती. आता पुष्कळ घरांत अशा खुर्च्या आल्या आहेत. आमच्यासारखे नुकसान वाचकांचे होऊ नये, म्हणून ही माहिती देत आहोत.

खुर्ची चालते कशी?

दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडाचे अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी विजेची खुर्ची विकसित केली. मूळ रचना आजही साधी आहे. बहुतेक खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळवतात. दोन्ही मोठ्या चाकांना एकेक मोटार असते आणि हाताजवळच्या दांडीने, म्हणजे जॉयस्टिकने, खुर्ची वळते. दांडी सोडली की खुर्ची थांबते आणि मोटारीतला ब्रेक आपोआप लागतो. म्हणून घाबरल्यावर फक्त दांडी सोडावी. चालत्या खुर्चीचा स्विच बंद केला तर झटका बसून माणूस पुढे पडू शकतो.

बॅटरीची निगा

बऱ्याच खुर्च्यांत शिशाच्या बंद बॅटऱ्या असतात. त्यांत पाणी घालायचे नसते आणि त्यांची झाकणे उघडायची नसतात. मोटारगाडीची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून बसवू नये. ती गाडी सुरू करतानाचा एक मोठा झटका देण्यासाठी बनलेली असते, तासन्‌तास हळूहळू वीज देण्यासाठी नव्हे.

शिशाच्या बॅटरीचा खरा शत्रू म्हणजे रिकामे राहणे. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की आतल्या पत्र्यांवर कठीण थर चढतो आणि मग ती पुरी भरत नाही. आमच्या बॅटऱ्या याच कारणाने गेल्या. म्हणून खुर्ची थोडी वापरली तरी त्याच रात्री चार्जिंगला लावावी. ‘पूर्ण उतरू द्या, मगच चार्ज करा’ हा सल्ला या बॅटरीला लागू नाही. निम्म्यापेक्षा जास्त उतरू न दिल्यास तिचे आयुष्य वाढते. पुरे चार्ज होण्यास साधारण ८ ते १० तास लागतात. हिरवा दिवा लागेपर्यंत मध्येच काढू नये. खुर्ची वापरात नसली तरी महिन्यातून एकदा तरी पुरी चार्ज करावी, कारण बॅटरी बसल्या जागीही थोडी थोडी उतरते.

चार्जर खुर्चीसोबत आलेलाच वापरावा. चार्जिंगची जागा हवेशीर असावी आणि तेथे विडी-सिगारेट ओढू नये, कारण शिशाच्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघू शकतो. उष्णताही तिला मारक आहे. आमच्या मालेगावात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. अशा दिवसांत खुर्ची उन्हात उभी करू नये.

बदलताना दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच जातीच्या बदलाव्यात. एक तरणा आणि एक म्हातारा बैल जुंपला तर गाडी म्हाताऱ्याच्याच चालीने चालते, आणि तरणाही लवकर थकतो.

घडीच्या हलक्या खुर्च्यांत लिथियमची बॅटरी येते. तिचा कायदा थोडा निराळा आहे. बरेच दिवस ठेवायची असेल तर साधारण निम्मी भरून थंड जागी ठेवावी. ती फुगली, आपटली किंवा फार तापू लागली तर वापर लगेच बंद करावा. तिचे चार्जिंग बिछान्याजवळ किंवा बाहेर पडण्याच्या दाराशी करू नये. कापडाच्या गठ्ठ्यांजवळ तर मुळीच नाही.

चालवताना खबरदारी

चढता-उतरताना स्विच बंद ठेवावा आणि पायठेवणीवर उभे राहू नये, खुर्ची पुढे उलटते. पट्टा नेहमी बांधावा. उतारावर सरळ जावे, तिरके जाऊ नये आणि मध्येच वळू नये. दारासमोर उतार बांधताना एक फूट उंचीस बारा फूट लांबी हे प्रमाण धरावे. सहा इंचांच्या एका पायरीस सहा फूट लागतात. पुढची लहान चाके गटाराच्या जाळीत अडकतात. पावसात दांडीवर प्लास्टिक झाकावे.

खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून मोटारीजवळ एक लिव्हर असते. ती त्या दिवशी आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हती. घरातल्या सर्वांना ती दाखवून ठेवा. मात्र ती सोडली की मोटारीचा ब्रेक राहत नाही, म्हणून उतारावर तिला हात लावू नये. काम झाल्यावर ती परत जागेवर आणावी.

शेवटी हिशेबाचे

पत्रकावर छापलेले अंतर नव्या बॅटरीवर आणि सपाट रस्त्यावर मोजलेले असते. म्हणून जाण्या-येण्याचे अंतर त्याच्या निम्म्यात बसेल अशीच खुर्ची घ्यावी. किंमत विचारताना बॅटरीच्या जोडीचा भाव आणि ती आपल्या गावात मिळते की नाही, हेही विचारावे. जुनी बॅटरी उघड्यावर फोडणाऱ्याला देऊ नये, शिसे विषारी असते. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे जमा करावी.

आता आमच्या दुकानात रात्री गल्ल्याचा हिशेब मिटला की शटर ओढण्याआधी घरी एक फोन होतो : “भाईजानांची खुर्ची चार्जिंगला लावली का?” या सवयीला पैसा लागत नाही. परंतु तिच्यामुळे भाईजान दुसऱ्या दिवशी कोणाचा हात न धरता दुकानात येतात.