आभाळातून पेटी आली म्हणजे बॉम्बच असं नाही

हैदराबादहून संशोधनाचा फुगा सुटायचा असला की वर्तमानपत्रात एक जाहीर सूचना येते. फुग्याखालची उपकरणं कोणकोणत्या जिल्ह्यांत उतरू शकतात, त्यांची यादी तीत असते. लातूर, नांदेड, हिंगोलीच्या रांगेत परभणीचंही नाव असतं. अडचण एवढीच, की सूचना वाचलेला माणूस आणि ज्याच्या शेतात पेटी उतरते तो माणूस बहुधा एक नसतो.

गैरसमज: पॅराशूट, वायरी आणि पेटी म्हणजे बॉम्ब, नाहीतर शेजारच्या देशाचं हेरगिरीचं यंत्र.

पेटी आपल्याच देशातली असते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र हैदराबादेत आहे. परभणीपासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. फुगा म्हटल्यावर आपल्याला जत्रेतला आठवतो. हा पातळ पॉलिथिनचा असतो आणि त्यात हायड्रोजन भरतात. जमिनीवर तो बराचसा रिकामा, लोंबता दिसतो. वर हवेचा दाब घटत जातो तसतसा तो फुगतो आणि त्याचा व्यास ५० ते ८५ मीटर होतो. तीस ते चाळीस किलोमीटर उंचीवर तो काही तास तरंगतो. मग खालून संदेश पाठवून उपकरणं सोडवतात आणि ती रंगीत पॅराशूटला लटकून खाली येतात. कुठे, ते वाऱ्यावर.

एवढा खटाटोप कशासाठी? तीस किलोमीटरवर पोचलं की जवळपास ९९ टक्के हवा खाली राहते. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण आणि दूरचे अवरक्त किरण ही हवा, तिच्यातली वाफ, जमिनीपर्यंत येऊच देत नाहीत. संशोधनाचं छोटं रॉकेट याहून उंच जातं खरं, पण काही मिनिटांत परतही येतं. फुगा तासन् तास थांबतो. या केंद्रातून १०० सेंटिमीटर आरशाची अवरक्त दुर्बीण अशीच फुग्याला टांगून उडवलेली आहे.

गैरसमज: उघडून पाहिलं तर काय बिघडतं?

काय बिघडू शकतं, ते २० एप्रिल २००५ च्या उड्डाणावरून सांगतो. त्या दिवशी हैदराबादहून ४५९ किलोचं उपकरण वर गेलं. त्यात पोलादाच्या १६ नळ्या होत्या, आतून निर्वात आणि निर्जंतुक केलेल्या, द्रवरूप निऑनमध्ये बुडवून गारठवलेल्या. २० ते ४१ किलोमीटरच्या पट्ट्यात एकेक नळी उघडली, हवा आत ओढली गेली, नळी बंद झाली. पेटी पॅराशूटनं उतरल्यावर नमुने हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात तपासले. जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. २००९ मध्ये इस्रोनं ते जाहीर केलं. एकीला आर्यभटाचं नाव मिळालं, एकीला इस्रोचं, तिसरीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं.

अशी एखादी नळी कुणी पान्ह्यानं उघडली असती तर? आत गेली असती आपल्या शिवारातली धूळ आणि तिच्यातले जिवाणू. वरच्या हवेत काय होतं ते मग कुणालाच कळलं नसतं. शिवाय काही पेट्यांत उच्च दाबाची वीज असते. म्हणून सूचनेत साधी गोष्ट लिहिलेली असते: हात लावू नका, पोलीस, टपाल कार्यालय किंवा जिल्हा प्रशासनाला कळवा, वस्तू जशीच्या तशी मिळाली तर बक्षीस मिळेल.

या जिवाणूंवरून ‘परग्रहावरचे जीव सापडले’ अशा बातम्या फिरल्या. तसा दावा इस्रोनं केलेला नाही.

गैरसमज: विमानानं पाऊस पाडता येतो, आणि विमानच पाऊस पळवतं.

पावसानं ओढ दिली की पारावर ही दोन्ही मतं ऐकू येतात, कधीकधी एकाच माणसाकडून. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून मराठवाड्यासाठी ढगबीजन झालं, तेव्हापासून जास्तच. विमान ढगात क्षारांचे कण सोडतं. ढग तयार करत नाही आणि हाकलतही नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूरच्या आकाशात प्रयोग केले, त्यांत पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. तेही योग्य ढग निवडून. कोरड्या निळ्या आभाळाचे अठरा टक्के म्हणजे शून्यच.

गैरसमज: जळत जाणारी रेघ म्हणजे उल्का, आणि ती राखच होऊन जाते.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. राज्यात अनेक ठिकाणी लोकांनी आभाळात ठिणग्यांची माळ सरकताना पाहिली. उल्का बहुधा सेकंद-दोन सेकंदांत विझते, कारण तिचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर असतो. कक्षेतून घसरलेला रॉकेटचा भाग सेकंदाला आठेक किलोमीटरनं, जवळजवळ आडवा येतो, म्हणून तो सावकाश, तुकडे होत जाताना दिसतो. ही माळ तशीच होती. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. परिसरात धातूचे गोळेही सापडले. ते चीनच्या लाँग मार्च जातीच्या रॉकेटचे अवशेष असल्याचं जाणकारांचं मत पडलं. इंधनाच्या टाक्या उष्णता सोसणाऱ्या धातूच्या असल्या की पुरत्या जळत नाहीत.

अशा तुकड्यानं घर पडलं, बैल मेला, तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार रॉकेट सोडणाऱ्या देशानं भरपाई द्यायची असते. चूक कुणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. पेटी बघायला जमलेल्या गर्दीनं तुडवलेल्या हरभऱ्याबद्दल त्या करारात काही नाही.