राखणदारच चवताळतात तेव्हा

मध्यमेंदूत दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा असतो. नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. हा काळेपणा डोपामिन बनवणाऱ्या पेशींतल्या रंगद्रव्याचा. पार्किन्सनमध्ये या पेशी मरतात, पट्टा फिका पडत जातो.

दोष एकट्या त्या पेशींचा नाही. मेंदूची राखण आणि साफसफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींना १९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी हे नाव दिलं. अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या साचल्या की मायक्रोग्लिया चवताळतात, दाहक रसायनं सोडतात आणि शेजारच्या धडधाकट पेशीही त्यात होरपळतात. मेलेल्या पेशींतून सांडलेलं काळं रंगद्रव्य या राखणदारांना आणखी भडकवतं. म्हणजे आगीत तेलच. रुग्णांच्या मेंदूच्या मरणोत्तर तपासणीत असे खवळलेले राखणदार कॅनडातल्या पॅट्रिक मॅकगीर यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवून दिले.

दाह थोपवायला मिनोसायक्लिन हे जुनं प्रतिजैविक वापरून पाहिलं. काही प्रयोगांत उंदरांच्या पेशी वाचल्या. माणसांत मात्र गुण येतो असं सिद्ध झालं नाही. आजची नेहमीची औषधं डोपामिनची तूट भरतात, पेशींची पडझड थांबवत नाहीत. आणि दाह शमवते म्हणतात त्या हळदीचं म्हणाल, तर तिच्यातलं कुरकुमिन पोटातून रक्तातच जेमतेम उतरतं. मेंदू तर लांबच राहिला.