उंदीर ओळखा, मगच औषध टाका

पळसदरी आणि आसपासच्या वाड्यांवर भाताची झोडणी झाली, की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, तो उंदरांचा. कुणाची पोती कुरतडलेली, कुणाच्या बांधाला भोकं पडलेली. मग कुणीतरी म्हणतं, वर्गणी काढून औषध आणू या. पण औषध टाकायचं कुणाला? आपण ज्यांना सरसकट उंदीर म्हणतो, ते सगळे एक नाहीत.

आधी घरातलं पाहू. आढ्यावरून, वाशावरून पळतो तो घरउंदीर. त्याचे कान मोठे, तोंड निमुळतं. त्याची शेपटी पाठीवरून पुढे आणली तर नाकाच्याही पुढे जाते, एवढी ती लांब असते. घूस मात्र जाडजूड, राठ केसांची. ती जमिनीत पोखरते आणि मोठी झाली की अर्ध्या किलोहून जास्त भरते.

शेताच्या बांधात घुशीचीच धाकटी बहीण राहते. तिची शेपटी अंगापेक्षा आखूड असते. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग दिसला, की ती आत आहे असं समजावं. भाताची लोंबं तोडून ती आत कोठार भरते. आपल्या कातकरी भगिनींना हे कुणी शिकवायला नको. कुठल्या बिळात धान्य सापडेल, हे त्या माती बघून सांगतात.

आणि चिचुंद्री? ती उंदीर नव्हेच. लांब सोंडेसारखं नाक, बारीक डोळे आणि उग्र वास ही तिची खूण. ती झुरळं, किडे खाते. तिच्यासाठी औषधावर पैसे घालवू नका.

आता डोंगराकडे वळू. आपल्या सह्याद्रीत असेही उंदीर आहेत, ज्यांचा आपल्या पोत्यांशी काही संबंध नाही. पुण्याजवळच्या सिंहगडाचं जुनं नाव कोंढाणा. तिथल्या माथ्यावर मऊ केसांचा एक उंदीर सापडला. 1975 साली मिश्रा आणि धांडा या शास्त्रज्ञांनी ती नवी प्रजाती असल्याचं जाहीर केलं आणि गडावरून तिला ‘कोंडाना’ हे नाव मिळालं. या उंदराची नोंद आहे ती फक्त त्या गडाच्या पठारावरची, म्हणजे साधारण एक चौरस किलोमीटर जागेतली. गुरांची चराई आणि पर्यटकांची वर्दळ यांमुळे तो धोक्यात आहे.

दुसरा उंदीर साताऱ्याच्या नावाचा. तो जंगलात, झाडांवर राहतो. 1918 साली हिंटन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, पण घरउंदराचाच एक प्रकार म्हणून. तो वेगळी प्रजाती आहे, हे मान्य व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली. नुसत्या रंगावर जाऊन फसायला होतं. घरउंदराचं पोट कुठे करडं असतं, तर कुठे पांढरं. म्हणून शास्त्रज्ञ शेपटी, कान आणि मागचा तळपाय मोजतात, मादीची सडं मोजतात, कवटी आणि दात तपासतात. आता जनुकांचीही तपासणी होते.

आपल्याला एवढं करायची गरज नाही. तीन गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ झालं: तो कुठे दिसला, शेपटी अंगापेक्षा लांब की आखूड, आणि बिळाच्या तोंडाशी माती आहे का.

घरउंदीर असेल तर आधी पोती भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा. धान्य पत्र्याच्या कोठीत भरा. पिंजरा आढ्याजवळ लावा, कारण त्याची वाट वरून असते. बांधातला असेल तर एकटीने औषध टाकून भागत नाही. शेजारच्या शेतातला परत येतो. सगळ्यांनी मिळून एकाच वेळी बिळं बंद करावीत. दुसऱ्या दिवशी जे बीळ पुन्हा उकरलेलं दिसेल, तेवढंच चालू समजावं. औषध लागलंच तर कृषी सहायकांना विचारून फक्त त्या बिळाच्या आत घाला. काळ्या भुकटीचं झिंक फॉस्फाईड माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. ते घरात, लेकरांच्या आणि कोंबड्यांच्या वाटेत कधीही नको. मेलेले उंदीर खोल पुरा. विषाने मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर फुकटात उंदीर मारणारा आपला राखणदारच जातो.

जिथे औषध घातलं, त्या बांधाची खबर कातकरी वाडीवर आधी पोचवा. तिथले उंदीर कुणाच्या ताटात जाता कामा नयेत.

मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नका. पावसाळ्यात उंदराच्या मुतामुळे पाण्यातून लेप्टो होतो. पायाला चीर असेल तर चिखलात उतरताना गमबूट घाला. ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर अंगावर काढू नका, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

रानातल्या, कड्याकपारीतल्या उंदरांच्या बिळांना मात्र हात लावू नका. त्यांनी आपलं काही खाल्लेलं नाही. येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्याकडे कुठला उंदीर आहे ते सांगावं, आणि मगच वर्गणीचं ठरवावं.